जमेची बाजू लिहायची कशी

एकतीस वर्षं मी हिशेबनीस होते. या कामात माणसाची नजर एका विशिष्ट तऱ्हेने घडते. पानावर दोनशे आकडे बरोबर असले तरी डोळा जाऊन थांबतो तो चुकलेल्या एकावर, आणि पगार मिळतो तोही त्या एकासाठीच. ही नजर संध्याकाळी कचेरीच्या कपाटात ठेवून मात्र येता येत नाही. घरात पाऊल टाकलं की मला आधी दिसायचा उगाच चालू राहिलेला दिवा, मग खुर्चीवरचा ओला टॉवेल, आणि त्यानंतर माणसं.

पाच वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. बहुतेक माणसांचं भाषेचं काम डाव्या बाजूलाच चालतं, त्यामुळे उजव्या हातापायाबरोबर बोलणंही गेलं. त्या दिवसांत माझी धाकटी जाऊ एक वही घेऊन आली. "ताई, रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. बास, एवढंच."

खरं सांगते, मला तिचा राग आला. पण जाऊ मनाने चांगली, म्हणून तिच्या समाधानासाठी लिहायला लागले. घर आहे. मुलगी आहे. आपण स्वतः धडधाकट आहोत. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. महिनाभराने मागची पानं चाळली आणि माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. असली वही कुणी माझ्या टेबलावर आणली असती तर मी शेरा मारून परत पाठवली असती. तपशील नाही, पावती नाही, देणाऱ्याचं नाव नाही. ही कसली नोंद?

तिथून पुढे मी ती वही माझ्या पद्धतीने लिहायला घेतली. तीच पद्धत इथे सांगते आहे. हिशेब येत नसला तरी चालेल.

आधी हे कळायला हवं की चांगलं दिसत का नाही

मनगटावर घड्याळ बांधा. पहिली दोन मिनिटं पट्टा जाणवतो, नंतर जाणवत नाही. पट्टा तिथेच असतो, पण मेंदूने त्याची दखल घेणं थांबवलेलं असतं. डोळ्यांचंही तसंच. एका ठिपक्यावर नजर खिळवून ठेवली की कडेच्या आकृत्या हळूहळू पुसट होऊन नाहीशा होतात. ट्रॉक्सलर नावाच्या डॉक्टरने हे 1804 मध्येच नोंदवून ठेवलंय. बदल टिपायचा आणि कायम असलेलं सोडून द्यायचं, अशी ही रचना आहे. त्यामुळे रोज नीट चालणारी गोष्ट दिसत नाही यात तुमचा दुष्टपणा नाही. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं. तोवर मी स्वतःला कृतघ्न समजत होते.

या शब्दाकडे एकदा थांबून बघा. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, कुणी काय केलं ते ज्याला ठाऊक आहे असा. कृतघ्न म्हणजे केलेलं मारून टाकणारा. कृतज्ञ व्हायला गहिवरून यावं लागत नाही, डोळ्यांत पाणी यावं लागत नाही. कुणी काय केलं त्याची माहिती ठेवावी लागते. आपल्या घरांतला साधा शब्द जास्त नेमका आहे: जाण ठेवणं. माहिती ठेवण्याचं काम मला जमण्यासारखं होतं.

देणाऱ्याचं खातं जमा

हिशेब शिकताना पहिल्याच आठवड्यात एक नियम घोकून घेतात: घेणाऱ्याचं खातं नावे (डेबिट) करा, देणाऱ्याचं खातं जमा (क्रेडिट) करा. मी हा नियम शेकडो वेळा लिहिला असेन, पण त्यात काय सांगितलंय ते कळायला वहीची वेळ यावी लागली. काही आलं, तर ते कुणाकडून तरी आलं. त्याचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

म्हणून "लोक चांगले आहेत" असं मी लिहीत नाही. त्या काळातली एक नोंद अशी आहे: "सोमवार, सकाळी सव्वानऊ. लिफ्ट बंद. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने व्हीलचेअरचा मागचा भार घेतला, दोन जिने. वर आल्यावर न बोलता ह्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली." यातलं शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबले होते. व्हीलचेअर उचलायला मी सांगितलं होतं. कॉलरचं कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही लिहिताना एवढंच पाहा: कधी, कुणी, नेमकं काय, आणि त्यातलं न मागता काय. शेवटचा रकाना माझा आवडता आहे. तो रिकामा राहिला तरी चालतो, पण शोधायची सवय लागते. देणारा नेहमी माणूस असतो असंही नाही. एका नोंदीत देणारा "डावा हात" आहे. उजवा गेल्यावर त्याने बटणं लावायला शिकून घेतलं होतं.

मोठ्या गोष्टींच्या मागे लागू नका. आमच्या वहीतली सर्वांत मोठी नोंद पाण्याची आहे. झटक्यानंतर ह्यांना गिळता येईना. गिळताना तोंडातले आणि घशातले कितीतरी स्नायू क्षणभरात एकापाठोपाठ एक हलतात, आणि तो क्रम चुकला की घोट श्वासनलिकेकडे वळतो. पाणी पातळ म्हणून सगळ्यांत जास्त धोक्याचं, कारण ते घसरतं फार भरकन. म्हणून पाण्यात एक पावडर मिसळून ते घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं. सात आठवडे ह्यांनी ते खळीसारखं पाणी गिळलं. तहान भागते की नाही हे विचारायची सोय नव्हती, आणि चेहऱ्यावरून भागत नसावी असं दिसायचं. मग एके दिवशी तपासणी झाली आणि साध्या पाण्याला परवानगी मिळाली. मी पेला धरला होता. ह्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून पाणी प्याले. साठ वर्षं पीत आले होते.

आता हे वाचून तुम्ही उद्या पाणी पिताना भारावून जाल, परवाही कदाचित, आणि चौथ्या दिवशी विसराल. मीही विसरते. त्याला उपाय पुढे आहे.

रोज बघा, लिहा मात्र आठवड्यातून

हे माझं एकटीचं मत नाही. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना दर आठवड्याला जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसं आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होती, आणि येणाऱ्या आठवड्याकडेही जास्त आशेने बघत होती. जाण मागच्याची ठेवली आणि भरवसा पुढचा वाढला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे सोंजा ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे अशी तुलना केली, तेव्हा फायदा एकदा लिहिणाऱ्यांना झालेला दिसला. रोजचा नेम झाला की ते पाट्या टाकणं होतं, माझं पहिल्या महिन्यात झालं तसं.

मी रविवारी दुपारी लिहिते. रात्री मी कामाची नसते. रात्री मला सगळं जग माझ्या विरुद्ध कट करतंय असं वाटतं. आठवडाभर मात्र फोनमध्ये दोन शब्दांच्या टिपणी टाकत राहते. "कॉलर." "लिफ्टवाल्याची शिट्टी." रविवारी त्यातल्या दोन-तीनच निवडून नीट उतरवते. बाकीच्या पुसून टाकते.

दुसरी बाजू कोरी ठेवू नका

इथे माझं आणि जावेचं पटत नाही. तिच्या मते वाईट लिहिलं की वाईट वाढतं. माझ्या मते ज्या वहीला एकच बाजू आहे ती वही खोटी. ह्यांच्या आजारात ज्यांनी पहिल्या आठवड्यात रांग लावली होती, त्यांतले बरेच तिसऱ्या महिन्यात फोनही करेनात. मी लिहिलं. नावानिशी लिहिलं. लिहिल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक, ते रात्री उशाशी येऊन बसेनासं झालं. दुसरी, वर्षभराने पान वाचताना लक्षात आलं की त्यातल्या एकाच्या घरी त्याच सुमारास स्वतःचं मोठं दुखणं चालू होतं आणि तो ते आमच्यापासून लपवत होता. ती नोंद मी खोडली नाही. खोडाखोड आम्हाला चालत नाही. शेजारी दुरुस्तीची नोंद करायची असते. ती केली.

अजून एक. दुसऱ्याचं वाईट बघून स्वतःचं बरं मानण्याची सवय असेल तर सोडा. व्यायामाच्या विभागाबाहेर आम्ही बसलो होतो, ह्यांच्या ओठाच्या कडेने लाळ येत होती, मी पुसत होते. समोरून एक बाई मुलाला घेऊन गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बघ, आणि तू एवढ्याशा दुखण्यावरून रडतोस." त्यांचं वाक्य मी ऐकलं, ह्यांनीही ऐकलं. ह्यांना बोलता येत नव्हतं, कळत सगळं होतं. आपण ज्याच्याकडे बोट दाखवून समाधान मिळवतो, तोही तिथेच बसलेला असतो.

आणि जो माणूस रोज त्रास देतो त्याच्या अधूनमधूनच्या चांगुलपणाची नोंद ठेवत बसू नका. तिथे वही बंद करून बाहेर पडायची वाट शोधायची. तसंच, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर ते वहीचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. मी सहाव्या महिन्यात गेले होते. वहीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

वजाबाकी

विसरण्यावरचा उपाय तो हाच. असलेली गोष्ट दिसेनाशी झाली की ती नाही असं धरून बघायचं. 2008 साली काही संशोधकांनी जोडीदार असलेल्या माणसांचे गट केले. काहींनी लिहायचं की आपली भेट कशी झाली. काहींनी लिहायचं की ती होऊच शकली नसती असं कसं घडलं असतं. नात्याबद्दल जास्त समाधान दुसऱ्या गटाला वाटलं. भेटीची गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितलेली असते की ती गुळगुळीत झालेली असते. न झालेल्या भेटीची कुणी सांगितलेली नसते.

करायचं असं: कागद घ्या, एकच गोष्ट निवडा, आणि ती तुमच्यापर्यंत ज्या-ज्या योगायोगाने आली ते एकेक उलटे करत जा. दहा मिनिटं पुरतात. हात मध्येच थांबला तर थांबू द्या.

माझी वजाबाकी चपलेची आहे. त्या सकाळी मी आठ दहाची बस पकडायला निघाले आणि जिन्यातच चपलेचा पट्टा तुटला. चपलेला चार शब्द ऐकवत मी परत वर आले. दार उघडलं तर हे मोरीच्या दाराशी अर्धवट बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. गुठळी विरघळवायचं औषध झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. आम्ही पावणेदोन तासांत पोचलो. पट्टा शाबूत राहिला असता तर मी संध्याकाळी साडेसहाला घरी आले असते.

न जुळणारा आकडा कुठे ठेवायचा

ही गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, "देवानेच पट्टा तोडला हो." मी देव मानते. पण पट्टा त्याने तोडला असेल तर गुठळी कुणी घातली? एक नोंद त्याच्या नावावर टाकायची आणि दुसरी गाळायची, हे मला जमत नाही. सवयच नाही.

माझ्या श्रद्धेला आधार मिळाला तो हिशेबाच्याच एका खात्यातून. वर्षअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुळत नाही असं होतं. नवशिका माणूस तेव्हा आकडा बसवतो; कुठेतरी एक खोटी नोंद घालून दोन्ही बाजू सारख्या करून टाकतो. कंटाळलेला माणूस म्हणतो की सगळाच हिशेब चुकलाय, आणि वही ढकलून देतो. जुनं मुरलेलं माणूस यातलं काही करत नाही. जेवढा फरक येतो तेवढा तो सस्पेन्स खात्यावर टाकतो. त्याचा अर्थ एवढाच, की हा फरक आहे, तो मला आज सापडत नाही, आणि तरीही उद्याचं काम मी चालू ठेवणार आहे.

"जे होतं ते चांगल्यासाठीच" हे मला आकडा बसवल्यासारखं वाटतं. कुणाला त्याने धीर येत असेल तर येवो. आजाऱ्याच्या तोंडावर मात्र म्हणू नये. श्रद्धा या शब्दातला "धा" म्हणजे ठेवणं. विश्वासही आपण ठेवतोच. मी फरक ठेवते, आणि काम चालू ठेवते.

वहीच्या शेवटच्या पानांवर हे खातं उघडा. काय कळत नाही ते एका वाक्यात लिहा, तारीख घाला, आणि खाली त्याबाबतीत आज हातात असलेलं एक काम लिहा. काम इतकं छोटं हवं की ते झालं की नाही याबद्दल वाद होऊ नये. माझ्या पहिल्या पानावर आहे: "ह्यांच्यासारख्या माणसाची वाचा का गेली ते कळत नाही. आज: वाचाउपचारातल्या बाईंनी दिलेला व्यायाम, वीस मिनिटं."

त्या व्यायामाचा तिसरा महिना फार वाईट गेला. ह्यांना माझं नाव घेता येत नव्हतं, मुलीचं येत नव्हतं. मग त्या बाईंनी आकडे म्हणायला लावले. त्यांनी "एक, दोन" म्हटलं आणि ह्यांच्या तोंडून घडाघडा "तीन, चार, पाच" दहापर्यंत आलं. आम्ही तिघंही गप्प. बाईंनी नंतर समजावलं की पाठ झालेलं, लयीतलं बोलणं कित्येकदा शाबूत राहतं. अंक, वार, गाणी, शिव्यासुद्धा. मनातलं बोलणं वेगळं, त्याला वेळ लागतो. म्हणजे तो चमत्कार नव्हता. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं ते माझ्याच धंद्यातलं, हे मी जमेला लिहिलं. देणारा कोण ते लिहिलं नाही. त्या रकान्यात एक रेघ आहे.

दर तीन महिन्यांनी सस्पेन्सची पानं वाचते. काही फरक सापडतात, बरेच सापडत नाहीत. ह्यांचा उजवा हात परत आला नाही. ते पान उघडंच आहे आणि त्याखालच्या कामांची यादी आता अकरा पानांवर गेली आहे.

तोंडाने सांगणं

वहीत लिहिलेलं त्या माणसापर्यंत पोचत नाही, ही तिची उणीव. बाहेरच्यांना आपण येता-जाता थँक्यू म्हणतो. घरात मात्र म्हणायचं नाही, का तर घरच्यांचे आभार कसले. 2018 साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात तितकं झालं नाही, आणि आनंद मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. मलाही लाज वाटत होती. मी वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाला चिठ्ठी लिहिली, त्यात कॉलरचा उल्लेख केला. तो म्हणाला, "काकू, मला आठवतही नाही." चिठ्ठी मात्र त्याने पाकिटात ठेवली.

घरात "मी आभारी आहे" असं म्हणायला जाऊ नका, नाटकी वाटतं. केलेलं काम जसंच्या तसं सांगा. "तू काल माझी औषधं आधीच काढून ठेवली होतीस." बस्स. पुढचं त्या माणसाला कळतं.

हे मला उशिरा कळलं. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं आमच्याकडे रात्री पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असायच्या. त्या कोण भरतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. झटक्यानंतर चौथ्या रात्री दवाखान्यातून घरी आले, तर पाचही बाटल्या रिकाम्या, ओळीने उभ्या. तिथे बसून मी पहिल्यांदा रडले.

परवा रात्री मी फोनवर होते. स्वयंपाकघरातून धबधब आवाज आला. जाऊन बघते तर ह्यांनी बाटली ओट्याच्या कोपऱ्यात पोटाने दाबून धरलेली आणि डाव्या हाताने तांब्याने पाणी ओतणं चाललेलं. निम्मं बाटलीत, निम्मं ओट्यावर, थोडं माझ्या फोनच्या चार्जरवर. माझ्या तोंडावर आलं होतं, "अहो, कशाला?" ते गिळलं आणि म्हटलं, "तुम्ही बाटली भरलीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीच्या कपाटाकडे, आणि विचारलं, "जमा?"

रविवारी लिहिलं. ह्यांच्या खात्यावर जमा: बाटली एक, पाऊण भरलेली. समोरच्या बाजूला: ओटा दोनदा पुसला, चार्जर गेला.